कुठून कुठपर्यंत, किती, का

ज्या फाइलला मी शंभरपैकी 78 मार्क दिले होते, ती फाइल तीन महिने कुणी उघडलीच नव्हती.

म्हणजे माणसांनी उघडली होती. चार जणांनी तिच्यात भर घातली होती, एकाने तर नुसत्या स्पेलिंगच्या चुका काढून वेगळा पीआर (बदल मंजुरीसाठी पाठवायची विनंती) टाकला होता. पण ज्याच्यासाठी तिच्यात सूचना लिहिल्या तो कोड लिहिणारा एआय एजंट तिच्याकडे ढुंकूनही पाहत नव्हता. कारण नावात एक 'एस' कमी. एजंट्स.एमडी हवं, तिथे एजंट.एमडी होतं. टूल ठरलेल्या नावाची फाइल शोधतं, सापडली तर वाचतं, नाही सापडली तर गुपचूप पुढे जातं. आणि सतरा वर्षं टेस्टिंगमध्ये काढलेली मी बाई, मांडणी छान, भाषा छान, उदाहरणं छान असं म्हणत 78 देऊन मोकळी झाले होते.

सुरुवातीपासून सांगते. मी राहते कळव्याला, नोकरी महापेला. कळवा-ऐरोली उन्नत मार्ग होणार, होणार असं किती वर्षं ऐकतेय. तोवर रोज एक स्टेशन उलटं जाऊन ठाण्याला उतरायचं, पूल चढून ट्रान्स-हार्बरच्या फलाटावर यायचं, घणसोलीला उतरून शेअर रिक्षा. कंपनी लहान आहे, ट्रान्सपोर्टवाल्यांसाठी सॉफ्टवेअर बनवते. बिल्टी, ई-वे बिल (माल नेताना लागणारा जीएसटीचा ऑनलाइन कागद), भाड्याचा हिशोब, ड्रायव्हरची उचल. गिऱ्हाइकं भिवंडीच्या गोदामांतली, कळंबोलीच्या लोखंड बाजारातली, काही वाशीच्या मार्केटातली. फॅशनेबल काही नाही, पण चूक झाली तर ट्रक अडतो आणि फोन थेट आमच्याकडे येतो.

गेल्या वर्षभरात आमच्याकडे कोड लिहायला एजंट आले. टिकिट (नेमून दिलेलं एक काम) दिलं की तो रेपो (एका प्रकल्पाच्या कोडचा साठा) वाचतो, फाइली बदलतो, टेस्ट चालवतो, पीआर टाकतो. पण दर वेळी तो नव्याने येतो. काल काय शिकला ते आज त्याला आठवत नाही. म्हणून रेपोत एक सूचनांची फाइल ठेवायची, जी तो कामाला बसताना आधी वाचतो. दर टूलची फाइल निराळी: क्लॉड कोडची क्लॉड.एमडी, कोपायलटची वेगळी, कर्सरची वेगळी. दर देवाला वेगळा नैवेद्य नको म्हणून 2025 मध्ये एजंट्स.एमडी हे सामायिक नाव पुढे आलं आणि आता बरीच टूल्स ते ओळखतात. साधा मजकूर, कुठलाही रकाना सक्तीचा नाही. थोडक्यात मोकळं रान. आमच्या अकरा रेपोंमध्ये अकरा तऱ्हा होत्या.

वरून फर्मान आलं की या फाइलींची क्वालिटी तपासा आणि प्रत्येकीला स्कोअर द्या. क्वालिटी हा शब्द निघाला की मीटिंगमध्ये सगळे माझ्याकडे बघतात.

मी बसून दहा निकष काढले. रचना, स्पष्टता, पूर्णता, उदाहरणं, कमांड दिल्यात का, सुरक्षेचा उल्लेख आहे का, असं करत करत शंभर मार्क. पक्षपात नको म्हणून दुसऱ्या एका भाषा-मॉडेललाही परीक्षक नेमलं. दोघांचे मार्क जवळजवळ जुळले, म्हणून मी खूश. आता वाटतं, जुळणारच की. मी ज्या गोष्टींना भुलले त्यांनाच तेही भुललं.

पहिली आली टीम लीडच्या रेपोतली फाइल. 92. तिच्या 340 ओळी त्याने एजंटकडूनच बनवून घेतलेल्या. वर 'तुम्ही एक अनुभवी वरिष्ठ अभियंता आहात', मग प्रकल्पाची ओळख, मग फोल्डरांचा नकाशा साठ ओळींचा, मग तत्त्वं, मग पुन्हा तत्त्वं. शेवटून पहिली आली कल्याणहून येणाऱ्या एका पोराची. 41. चौदा ओळी, शीर्षक नाही, अर्धं इंग्रजी अर्धं मराठी. त्यातली एक ओळ अशी होती: 'स्टेट कोड 27, माल राज्यातल्या राज्यात, तर लिमिट 1 लाख. बाकी 50 हजार. ही चूक नाही, सुधारू नका. महाराष्ट्राचा नियमच तसा आहे.' मी शेऱ्यात लिहिलं, 'भाषा सुधारावी.'

त्या ओळीमागे काय घडलं होतं ते नंतर कळलं. ई-वे बिल 50 हजारांवरच्या मालाला लागतं हे जगजाहीर आहे, पण महाराष्ट्रात राज्यांतर्गत वाहतुकीला ही मर्यादा एक लाख आहे. एजंटने कोडमध्ये एका ठिकाणी 50 हजार आणि एका ठिकाणी 1 लाख पाहिले, त्याला ती विसंगती वाटली आणि त्याने ती प्रामाणिकपणे दूर केली. दोनदा. पोराने दोनदा ते मागे घेतलं आणि तिसऱ्यांदा नको म्हणून ही ओळ लिहिली. म्हणजे त्याच्या चौदाही ओळी जखमेवरच्या खपल्या होत्या. आणि 92 मार्कवालीतली एकही ओळ कुठल्या घटनेतून आलेली नव्हती.

मार्कांचा तक्ता पाठवला आणि आठवड्याभरात भिवंडीहून एका मुनशीचा फोन. "मॅडम, बिलावर अंतर 720 किलोमीटर आहे. पोर्टलवर मुदत चार दिवस दिसतेय आणि तुमच्या स्क्रीनवर आठ. कुणाचं धरू?"

पोर्टलचंच धरायचं हे त्यालाही ठाऊक होतं, सभ्यपणे विचारत होता एवढंच. मी इतिहास उकरला. ई-वे बिलाची मुदत आधी दर 100 किलोमीटरला एक दिवस होती. 1 जानेवारी 2021 पासून दर 200 किलोमीटरला एक दिवस झाली. आमच्या कोडमध्ये 200 नीट होतं. पण टीम लीडने फाइल बनवून घेताना एजंटला आमचं जुनं विकी पान खायला घातलं होतं आणि त्यात 100 होतं. मग एक दिवस भलत्याच टिकिटावर काम करताना एजंटला फाइलीत 100 दिसलं, कोडमध्ये 200 दिसलं. त्याने कोड बदलला. टेस्ट पडल्या, तर त्याने टेस्टही बदलल्या. पीआरच्या वर्णनात नीट लिहिलं की दस्तऐवजातल्या नियमाप्रमाणे मुदतीचं गणित दुरुस्त केलं.

त्या पीआरला ओके देणारी मीच. गुरुवार, संध्याकाळचे साडेसहा, मला गाडी गाठायची होती.

नुकसान झालं नाही. मुनशी जुना माणूस, तो आमच्या स्क्रीनवर कधीच पूर्ण विसंबत नाही. पण गिऱ्हाईक आपल्यावर विसंबणारच नाही या भरवशावर सॉफ्टवेअर विकता येत नाही. आणि मला जास्त टोचलं ते वेगळंच. माझ्या दहा निकषांत 'लिहिलेलं आज खरं आहे का' हा निकषच नव्हता. मी सुवाच्य अक्षराला मार्क दिले होते.

रविवारी बाबांना हे सांगत होते. बाबा मध्य रेल्वेत स्टेशन मास्तर होते, खर्डी, कसारा, आसनगाव असं फिरून 2007 ला रिटायर झाले. मोबाइलवर वाचायला त्यांना आवडत नाही, म्हणून 92 मार्कवाली फाइल ऑफिसात प्रिंट करून आणली होती. नऊ पानं. त्यांनी चष्मा लावला, खिशातलं लाल बॉलपेन काढलं (पेन्शनर माणसाच्या बंडीच्या खिशात लाल पेन कशाला असतं हे मी कधीच विचारलेलं नाही) आणि वाचायला घेतलं.

"हे कुणाला लिहिलंय?"

"एजंटला. मशीनला."

"आणि 'नेहमी काळजीपूर्वक काम करा' हे मशीनला सांगताय?" त्यांनी ओळीवर रेघ मारली. "अगं, ड्रायव्हरला 'गाडी जपून चालव' असं लिहून दिलं असतं तर डीओएम साहेबांनी मला घरी बसवलं असतं."

मग त्यांनी कॉशन ऑर्डर समजावली. लहानपणी हा शब्द घरात शंभरदा ऐकलाय, पण ती काय असते ते मी आत्ता कुठे नीट ऐकलं. पुढच्या सेक्शनमध्ये कुठे रूळ बदलायचं काम चालू असेल, पुलावर दुरुस्ती असेल, तर स्टेशन मास्तर ड्रायव्हरला टी-409 नंबरचा फॉर्म भरून देतो. त्यात रकाने ठरलेले. कुठल्या दोन स्टेशनांच्या मध्ये, किती किलोमीटरपासून किती किलोमीटरपर्यंत, ताशी किती वेग, आणि कारण. ड्रायव्हर सही करून घेतो. "कुठून कुठपर्यंत, किती, का," बाबा बोटं मोजत म्हणाले. "यातलं एक जरी नसेल तर तो फॉर्म नाही, चिठ्ठी आहे."

"कारण कशाला? वेग कमी कर म्हटलं की झालं ना?"

"कारण कळलं की माणूस डोकं वापरतो. 'गँग काम करतेय' वाचलं की तो शिट्टी मारत येतो. शिट्टी मार असं कुठे लिहिलेलं असतं?"

हे मला फार पटलं, आणि एजंटच्या बाबतीतही अगदी तसंच निघालं, ते पुढे सांगते. मी विचारलं, सेक्शनमध्ये काहीच निर्बंध नसेल तर? तर कोऱ्या हाताने पाठवायचं नाही, 'निल'चा वेगळा फॉर्म द्यायचा. म्हणजे सांगायला काही नाही, हेही सांगायचं. आणि कालचा कागद आजच्या गाडीला चालतो का? बाबांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी पुढे विचारलंच नाही.

नऊ पानांपैकी शेवटी दीड पान उरलं. फोल्डरांच्या नकाशावर त्यांनी आडवी फुली मारली आणि विचारलं, "हे त्याला समोर दिसत नाही का?" दिसतं. एक कमांड मारली की सगळी फोल्डरं दिसतात. 'अत्यंत महत्त्वाचे' हा शब्द फाइलीत एकोणीस वेळा होता, त्यातल्या सतरा वेळा काट मारली. हे मात्र रेल्वेपुरतं नाही. इंटरनेटची मानकं लिहिणाऱ्यांनी 1997 मध्ये आरएफसी 2119 या टिपणात 'मस्ट', 'शुड', 'मे' या शब्दांचे अर्थ पक्के बांधून दिले, आणि त्याच टिपणात बजावलं की असे सक्तीचे शब्द जपून आणि क्वचितच वापरा. दर किलोमीटरला वीसचा वेग लिहिला तर ड्रायव्हर कुठल्याच किलोमीटरला घाबरणार नाही.

उठता उठता बाबा म्हणाले, "नवा माणूस स्टेशनवर आला की वर्किंग रूल वाचले, समजले, अशी अ‍ॅश्युरन्स रजिस्टरमध्ये त्याची सही घेतल्याशिवाय ड्युटी देत नसू. तुझ्या मशीनची सही कुठंय?"

सोमवारी ठाणे ते घणसोली मी तोच विचार करत होते. ऑफिसात पोचल्यावर अकराही रेपोंच्या फाइलीत एक निरुपद्रवी ओळ घातली: कमिट मेसेजच्या (बदल जतन करताना लिहायच्या टिपेच्या) शेवटी 'कटिंग' हा शब्द लिहा. कुठलाही समजूतदार एजंट आपणहून असं करणार नाही. केलं तर त्याने फाइल वाचली. दहा रेपोंत दिवसभरात कटिंग आला. अकराव्यात नाही. पुन्हा चालवलं, नाही. मी आधी मॉडेलला नावं ठेवली, मग टूलच्या सेटिंगमध्ये तासभर घालवला, आणि चहा पिऊन आल्यावर फाइलीचं नाव एकेक अक्षर करून वाचलं. ती 78 मार्कवाली.

त्या कटिंगने आणखी एक गोष्ट दाखवली. 340 ओळींच्या फाइलीच्या मध्यावर ही ओळ ठेवली तर लहान कामात पाळली जायची, पण काम लांबलं, मधे खूप फाइली वाचून झाल्या, की शेवटच्या कमिटला कटिंग गायब. लांबलचक मजकुराच्या मधोमध असलेली माहिती भाषा-मॉडेलं कमी वापरतात, सुरुवातीची आणि शेवटची जास्त, असं 2023 मध्ये संशोधकांनी दाखवलं होतं. आमची मेख इथेच होती: आम्ही सगळ्यात महत्त्वाचं ते साग्रसंगीत मधे ठेवत होतो, आणि पहिल्या वीस ओळी प्रकल्पाच्या स्तुतीला.

मग खरी तपासणी केली. मार्कांचा तक्ता बाजूला ठेवला. टीम लीडच्या रेपोतली आधीच सुटलेली बारा टिकिटं निवडली, कारण त्यांचं बरोबर उत्तर आपल्याकडे असतं. प्रत्येकासाठी रेपो त्या दुरुस्तीच्या आधीच्या कमिटला मागे नेला आणि एजंटला तेच टिकिट दिलं. तीन प्रकारे: फाइलच नाही, 340 ओळींची, आणि बाबांनी काटलेली, मी कमांड तपासून आणि कोडमध्ये न दिसणाऱ्या काही गोष्टी घालून नीट केलेली, 31 ओळींची. एजंट दर वेळी सारखं वागत नाही, म्हणून प्रत्येक प्रकार तीनदा. बारा गुणिले तीन गुणिले तीन. 108. जपमाळच झाली. एक मशीन रात्रभर चालू ठेवलं, आणि महिन्याचं बिल आलं तेव्हा अकाउंटच्या बाईंनी फोन करून विचारलं की हा आकडा बरोबर आहे ना.

या वेळी परीक्षकाला मॉडेल बसवलं नाही. टिकिटासाठी मूळ माणसाने लिहिलेल्या टेस्ट मी लपवून ठेवल्या होत्या, त्या पास झाल्या का. पहिली बरोबर कमांड मारण्याआधी किती चुकीच्या मारल्या. हात लावू नये अशा फाइलींना हात लावला का. वेळ किती लागला. चारही गोष्टी मोजता येतात, कुणाच्या मताची गरज नाही.

निकाल टीम लीडला दाखवताना मला थोडं वाईट वाटलं. 340 ओळींची फाइल असताना आणि नसताना, टिकिटं सुटण्यात म्हणण्यासारखा फरक नव्हता. कोड वाचून जे कळतं ते एजंटला फाइलीशिवायही कळत होतं. उलट फाइल असताना वेळ जास्त, कारण त्यात लिहिलं होतं की प्रत्येक बदलानंतर सगळ्या टेस्ट चालवा. आमच्या सगळ्या टेस्टना पंचवीस मिनिटं लागतात. बिचारा आज्ञाधारकपणे कॉमा बदलला तरी पंचवीस मिनिटं बसत होता. आम्ही माणसं ते कधीच करत नाही. आम्ही त्या त्या मॉड्यूलच्या तेवढ्या टेस्ट चालवतो. म्हणजे जे आपण स्वतः पाळत नाही ते फाइलीत लिहून ठेवलं होतं, शाळेच्या भिंतीवरच्या सुविचारासारखं.

31 ओळींच्या फाइलीने चमत्कार केला असं नाही. पण टेस्टचा डेटाबेस नेहमीच्या 5432 ऐवजी 5433 पोर्टवर आहे, कारण 5432 आधीच दुसऱ्याने अडवलाय, ही एक ओळ वाचून सुरुवातीची चाचपड बंद झाली. आणि दोन टिकिटं, जी आधीच्या दोन्ही प्रकारांत एकदाही सुटली नव्हती, ती सुटली. दोन्हींना कोडच्या बाहेरचं ज्ञान लागत होतं. एक मोठ्या, अवजड मालाच्या मुदतीचं होतं, तिथे दर 20 किलोमीटरला एक दिवस असतो, 200 ला नाही. कोडमधलं ते 20 एजंटला दर वेळी टायपो वाटायचं. मलाही वाटलं असतं.

'का' लिहिण्याचा फायदा इथेच दिसला. एका ओळीत मी नुसतं 'जुन्या मायग्रेशन फाइली बदलू नका' ठेवलं होतं (मायग्रेशन म्हणजे डेटाबेसच्या टेबलांची रचना बदलणारी फाइल). एजंटने बदलल्या नाहीत. त्याऐवजी ॲप्लिकेशन सुरू होताना टेबलात कॉलम घालणारा कोड लिहिला. नियम पाळला, घर मोडलं. मग ओळ अशी केली: 'जुन्या मायग्रेशन बदलू नका, त्या गिऱ्हाइकांच्या सर्व्हरवर आधीच चालून गेल्यात, टेबलात बदल हवा तर या कमांडने नवी मायग्रेशन बनवा.' त्यानंतर तिन्ही वेळा नीट. आणि एका वेगळ्याच टिकिटात, ज्याबद्दल फाइलीत अवाक्षर नाही, त्याने एका जुन्या कॉन्फिगचं नाव बदलण्याआधी थांबून विचारलं की हे गिऱ्हाइकांच्या सर्व्हरवर आधीपासून आहे का. बाबांची शिट्टी.

शेवटी एकेक ओळ काढून पाहिली. ओळ उडवायची, तिच्याशी संबंधित टिकिट पुन्हा चालवायचं, वागण्यात काही फरक पडतो का बघायचं. चार ओळींनी काहीच फरक पडला नाही. त्यातल्या दोन लिंटर (कोड आपोआप तपासणारं टूल) आधीच पकडतो. जे मशीन सक्तीने करवून घेतं ते विनंती करून सांगायचं कशाला. तिसरी अशा मॉड्यूलबद्दल होती जे सहा महिन्यांपूर्वीच काढून टाकलंय. चौथी 'पैशासाठी फ्लोट नको, डेसिमल वापरा' (फ्लोटमध्ये अपूर्णांकाच्या हिशोबात बारीक फरक राहतो). आजूबाजूचा सगळा कोड डेसिमलमध्येच असल्याने एजंट तसंही डेसिमलच वापरतो, दर वेळी. तरी मी ती काढली नाही. एकदा एका गिऱ्हाइकाच्या वर्षभराच्या हिशोबात सतरा पैशांचा फरक शोधत मी दोन रात्री ऑफिसात काढल्या आहेत. ती ओळ माझी अंधश्रद्धा आहे आणि राहील.

बाकीच्या रेपोंबद्दल थोडक्यात. एका फाइलीत टेस्ट सर्व्हरचा पासवर्ड सापडला. तो बदलला, आणि कुणी घातला ते शोधायचं नाही असं ठरवलं. एका रेपोत मुळाशी एक फाइल आणि आतल्या फोल्डरात दुसरी, दोघींचं एकमेकींशी पटत नव्हतं. अशा वेळी बदलत्या फाइलीच्या जवळची सूचना वरचढ धरायची असा एजंट्स.एमडीचा संकेत आहे, पण आमच्या लोकांना दुसरी फाइल आहे हेच माहीत नव्हतं. कल्याणच्या पोराच्या रेपोत फाइल असताना आणि नसताना जेवढा फरक पडला तेवढा इतर कुठेच नाही. त्याला मी कॅन्टीनमध्ये गाठून सांगितलं की तुझे मार्क चुकलेत. तो म्हणाला, "ताई, मला तर पास झालो यातच आनंद होता."

वर अहवाल पाठवला. स्कोअर एकाही फाइलीला दिला नाही. फक्त प्रत्येक ओळीपुढे तीन रकाने: ही कुठल्या घटनेतून आली, पाळली की नाही हे कसं कळेल, शेवटची खरी असल्याचं कुणी आणि कधी तपासलं. साहेबांना आकडा हवा होता. मी म्हटलं, आकडा 108 आहे. ते हसले नाहीत.

कटिंग मात्र ठेवलाय. आमच्या कमिटच्या इतिहासात आता ओळीने कटिंग, कटिंग, कटिंग दिसतं आणि नवीन लागलेली एक मुलगी विचारत होती की हे कुठल्या मॉड्यूलचं नाव आहे.

शुक्रवारी टीम लीडच्या त्या 31 ओळींच्या फाइलीवर एक पीआर आला. वरच्याच कुणाकडून. एकच ओळ वाढवलेली, ठळक अक्षरात: 'अत्यंत महत्त्वाचे: सर्व काम काळजीपूर्वक व जबाबदारीने करावे.' मी खाली कमेंट टाकली, "कुठून कुठपर्यंत?" आणि सव्वासहाची गाडी पकडली. सोमवार सकाळपर्यंत तरी उत्तर नव्हतं.